‘माइ’ची साक्ष

आमच्या बोलीत नको म्हणायला एकच शब्द आहे, माइ. पोर बोलायला लागलं की आईला हाक मारायच्या आधी हा शब्द शिकतं. पेज जास्त वाढली, माइ. अंघोळीचं पाणी गार, माइ. या एवढ्याशा शब्दाने कुणाचं काही वाईट होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण माझा धाकटा भाऊ हियान याच शब्दापायी चुन्याच्या भट्टीवर गेला, आणि तो तिथं गेला त्यात माझा हात आहे. ते मान्य करायचं म्हणून हे लिहिते.

तेव्हा ताईवानच्या वाळूच्या पट्ट्यावरच्या किल्ल्यात यूस्त फान ड्रील नावाचा गव्हर्नर होता. तांबडकेशांच्या, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या तांबड्या केसांच्या गोऱ्यांच्या, कंपनीने त्याला बटाव्हियाहून, तिच्या मुख्य ठाण्यातून, पाठवलं होतं. आमचे हे, लाउ बून, त्याचे दुभाषी. मी त्याच्या घरच्या कॉलरी धुऊन, तांदळाची खळ घालून, कडक करून द्यायची. माणूस हसरा होता. त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. कॉलर मनासारखी झाली की ह्यांना म्हणायचा, “बून, तुझ्या बायकोच्या हातात देव आहे रे,” आणि धुण्याचे पैसे द्यायला महिना लावायचा.

आतल्या मुलखातली गावं इथल्या मूळच्या लोकांची, हरणांची शिकार करणाऱ्यांची. दर वसंतात एकेका गावाचा मक्ता किल्ल्यावर लिलावाने जायचा. ज्याच्याकडे मक्ता, त्यानेच त्या गावाला मीठ, कापड, लोखंडी कढया विकायच्या आणि त्यानेच तिथलं मांस, तिथली कातडी उचलायची. कातडी कंपनीच्या वखारीत घालायची, तिथून ती जपानला जाणार, असा कंपनीचा नियम. गव्हर्नरापासून शिपायापर्यंत कंपनीच्या एकाही माणसाने स्वतःचा धंदा करायचा नाही, हाही नियमच. तो एका पाटीवर लिहून किल्ल्याच्या दाराला ठोकला होता. पावसाने त्याची शाई ओघळली होती, पण आमच्या ह्यांना तो तोंडपाठ होता.

हियानकडे सोलाक गावाचा मक्ता दोन वर्षं होता. मीठ मापात द्यायचा, कातडी मोजून वखारीत घालायचा. बाकीचे मक्तेदार निम्मी कातडी गुई तेककडे गुपचूप उतरवत. हा गुई तेक बटाव्हियात वाढलेला, मूळचा चीनमधल्या आमच्याच चिंचिऊ प्रांताचा व्यापारी. तांबडकेशांची भाषा त्याला पाण्यासारखी यायची. त्याच्या जहाजांची झडती बंदरावर कधी होत नसे. का होत नसे ते सगळ्यांना कळत होतं, पण मी ते डोळ्यांनी पाहिलं.

त्या वर्षी लिलावाच्या आदल्या आठवड्यात मी कॉलरी घेऊन गव्हर्नराच्या घरी गेले. मोलकरीण म्हणाली, खाली तळघरात सावलीला ठेव, वर पाहुणे आहेत. तळघरात उतरले तर दारूच्या पिंपांमागे छतापर्यंत हरणांची कातडी रचलेली. प्रत्येक गठ्ठ्यावर गुई तेकचा शिक्का, आणि त्याच्या शेजारी साहेबाच्या अंगठीची लाख. वरून दोघांचं बोलणं येत होतं. घरात हे रोज मोठ्याने शब्द घोकायचे, ते ऐकून ऐकून मला त्यांची भाषा निम्मीशिम्मी कळायची. कळते हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं.

“सोलाकचा तो हियान फार हट्टी आहे, साहेब,” गुई तेक म्हणत होता. “सगळी कातडी कंपनीच्या वखारीत घालतो.”

“कंपनीच्या वखारीत?” साहेब हसला. “मग मी त्याला शिक्षा कशाबद्दल करू, गुई? प्रामाणिकपणाबद्दल? बटाव्हियाला तसं लिहिता यायचं नाही.”

“शिक्षा नको. त्याला एकदा महागात गाव घेऊ दे. पैसे भरता आले नाहीत की मक्ता जप्त. मग तुम्ही तो मला द्या. पडेल त्या भावात.”

“आणि माझ्या पत्रात लिहायला एक मोठा आकडा मिळेल. हं. गुई, तुझ्यासारखी चार माणसं मिळाली ना, तर कंपनी श्रीमंत होईल.”

“आणि आपण?”

“आपणही होऊ की. आपण काय कंपनीचे वैरी आहोत?”

मी कॉलरी तिथेच पिंपावर ठेवल्या आणि आले.

हियान संध्याकाळी जेवायला यायचा होता. त्याला मी सगळं सांगितलं. तो आधी ह्यांच्याकडे पाहून हसला.

“दाजी, ऐकलंत? आक्का आता हेरगिरी करायला लागली.”

“हसू नकोस,” मी म्हणाले. “ते तुला गोवणार आहेत.”

“मला कोण गोवणार? मी गेल्या वर्षीच्या आकड्यावर एक रियाल चढवणार नाही. तिथवर आकडा उतरला तर ओरडेन, नाहीतर गप्प बसेन. गप्प बसलेल्या माणसाला कसे गोवतील?” मग म्हणाला, “विकणारा साहेब, मागनं घेणारा साहेब, आणि तक्रार झाली तर निवाडा करणाराही साहेबच. दाजी, तुम्ही बिचारे त्याचंच बोलणं त्यालाच समजावून सांगता की काय?”

हे हसले नाहीत. “तोंड सांभाळ,” एवढंच म्हणाले.

आता त्यांच्या लिलावाची रीत सांगायला हवी. आमच्याकडे आकडा खालून वर चढतो. त्यांच्याकडे वरून खाली उतरतो. पुकारणारा कुणालाच परवडणार नाही अशा आकड्यापासून सुरू करतो आणि खाली खाली येत जातो. त्यांच्या भाषेत माझं म्हणायला माइन म्हणतात. जो आधी माइन ओरडला, गाव त्याचं, ज्या आकड्यावर ओरडला त्या आकड्याला. आमच्या माणसांच्या तोंडून त्यातला शेवटचा न काही नीट निघत नाही. कुणी माइं म्हणतो, कुणी नुसतं माइ. पुकारणाऱ्याला त्याची सवय होती, तो तेवढ्यावरच हातोडा मारायचा. म्हणून आमच्या लोकांनी एक पथ्य धरलं होतं. लिलावाच्या दिवशी किल्ल्याच्या अंगणात पाय ठेवला की बाहेर पडेपर्यंत कुणीही माइ म्हणायचं नाही. चहा नको असला तर हात हलवायचा. कुणी पायावर पाय दिला तर दात आवळायचे. म्हातारे मक्तेदार तोंडात वाळवलेला आलुबुखारा धरून उभे राहत, म्हणजे जीभ गुंतलेली बरी.

त्या दिवशी अंगणात तीस-चाळीस माणसं होती. बायका आणि बघे दाराच्या कमानीखाली. आमचे हे पुकारणाऱ्याच्या डाव्या हाताला, आकडा आमच्या बोलीत सांगायला. साहेब वर सज्जात खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या गळ्यात मी धुतलेली कॉलर होती. सोलाकचं नाव निघालं तेव्हा हियान पुढच्या रांगेत हाताची घडी घालून उभा होता आणि गुई तेक त्याच्या अगदी पाठीशी.

“पाच हजार रियाल!” पुकारणारा म्हणाला. ह्यांनी तो आकडा सांगितला. लोक हसले. गेल्या वर्षी हियानने तीनशे वीसला घेतलं होतं.

“चार हजार नऊशे! चार हजार आठशे!”

गुई तेक वाकला. त्याचं तोंड हियानच्या कानापाशी गेलं. काय बोलला ते मला दुरून ऐकू आलं नाही, पण हियानची मान एकदम लाल झाली. गुई तेक पुन्हा बोलला, हसत, आणि हियान वळून ओरडला, “माइ!”

हातोडा पडला.

“चार हजार सातशे. सोलाक. को हियान,” पुकारणारा म्हणाला, आणि शेजारच्या कारकुनाने लिहून घेतलं.

अंगणातले सगळे हियानकडे वळले. मग मागून कुणीतरी हसलं, आणि मग सगळे. घाबरून हसतात तसे. हियान ओरडत होता की मी घेतलं नाही, मी नको म्हणालो, याला नको म्हणालो! सज्जातून साहेबाने हात वर केला.

“त्याला विचार, बून,” तो म्हणाला, “इतका आनंद झालाय का त्याला?”

शिपायांनी हियानला धरलं. दुपारपर्यंत चौथाई रक्कम भरायची असते. ती भरता येणं शक्यच नव्हतं. मक्ता जप्त, आणि रक्कम फिटेपर्यंत माणूस कंपनीच्या कामावर, पायात साखळी घालून. हियानने तक्रार केली, तेव्हा आठ दिवसांनी मंडळासमोर सुनावणी ठेवली. मंडळ म्हणजे साहेब आणि दोन तांबडकेशी माणसं, साहेबाने बोलावली की येणारी आणि जा म्हटलं की जाणारी.

मी कोठडीच्या जाळीपाशी जाऊन विचारलं, “काय म्हणाला होता रे तो?”

“सोड ना, आक्का.”

“सांग.”

तो जमिनीकडे बघत राहिला. “म्हणाला, तुझी आक्का साहेबाची कॉलर तेवढीच धुते का. म्हणाला, मलाही एक दिवस पाठव म्हणावं.” मग म्हणाला, “माझ्या तोंडून निघून गेलं. बोलू नको असं म्हणायचं होतं. मी पथ्य पाळून होतो ग. सकाळपासून पाळून होतो.”

मला वाटलं होतं की मला राग येईल. आला नाही. मला बरंच वाटलं. कारण यातून सुटायचा रस्ता मला स्पष्ट दिसत होता. हे पुकारणाऱ्याच्या शेजारी उभे होते. हियानने काय म्हटलं ते ह्यांनी ऐकलं होतं. ह्यांच्याइतक्या दोन्ही भाषा जाणणारा दुसरा माणूस किल्ल्यावर नव्हता. माइन नव्हे, माइ, एवढं एक खरं बोलले की झालं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेबाने ह्यांना बोलावून घेतलं. परत आले ते ओसरीवरच बसले.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, बून, दोन्ही शब्द तुझ्याच तोंडात आहेत, त्यातला तुला जो गोड लागेल तो काढ.”

“आणि?”

“आणि काय? म्हणाला, दुभाष्याची जागा मला पुढच्या वर्षी पण भरायची आहे.” हे चपलेने माती उकरत होते. “मला एक युक्ती सुचली आहे. मी म्हणतो, मी काही ऐकलंच नाही. गलका होता. ना हे, ना ते. हियान सुटतही नाही आणि बुडतही नाही, पुन्हा लिलाव घ्या म्हणून रेटता येईल. दहा वर्षं हेच करतो मी. इकडचं चिमूटभर काढायचं, तिकडचं चिमूटभर घालायचं.”

“खोटं बोलायचं?”

“अगं, खोटं नाही. दुभाषेपणा.”

“ऐकलंत ना तुम्ही?”

“ऐकलं.”

“मग ते सांगा. आयुष्यात एकदा चिमूट काढू नका, घालू नका.”

“तू समजतेस तितकं सरळ नसतं ते. त्या माणसाच्या समोर खरं ठेवलं ना, की तो ते उचलून काय करेल याचा नेम नाही.”

“खऱ्याचं कुणी काय करणार?” मी म्हणाले. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी पहाट सरल्यावर मी ह्यांना माचोदेवीपुढे बसवलं. समुद्रावर वाट चुकलेल्यांना वाट दाखवणारी आमची देवी. तिच्यापुढे वीस वर्षांत एकही दिवस माझी उदबत्ती चुकली नव्हती, आणि मी तिच्याकडे काही मागितलंही नव्हतं. त्या दिवशी पिवळा कागद पेटवून मी ह्यांच्याकडून शपथ वदवून घेतली. आज मंडळासमोर जे विचारतील त्याला खरं तेच उत्तर देईन, एक अक्षर फिरवणार नाही, फिरवलं तर माझी जीभ झडो. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि बोलले. कागद जळून पूर्ण राख झाला. तो शुभशकुन.

मंडळाच्या दिवाणखान्यात आमच्या साक्षीदारांची शपथ कोंबड्याची मान तोडून घेत. मी तोंड फिरवलं. रक्त ह्यांच्या बाहीवर उडालं. साहेबाने आपल्या रुमालाने ते पुसलं.

“बून,” तो म्हणाला, “हा को हियान तुझा कोण लागतो?”

“मेव्हणा.”

“म्हणजे तू त्याच्या बाजूचा.”

“मी दुभाषी आहे, साहेब.”

“छान. काय ओरडला तो?”

“माइ.”

“माइन?”

“नाही. माइ. आमच्या बोलीत त्याचा अर्थ नको. गुई तेक त्याच्या कानात काही बोलत होता, ते बोलू नको असं तो म्हणाला.”

दारात उभ्या असलेल्या आमच्या माणसांत हलकीशी कुजबूज झाली. हियान साखळीत होता, पण मी त्याचे खांदे खाली आलेले पाहिले. आठ दिवसांत पहिल्यांदा. मग तो धीर येऊन बोलला, मोठ्याने, “साहेबाला म्हणावं, तुझ्या तळघरात कोणाची कातडी आहे ते आधी बघ!”

ह्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग शपथेप्रमाणे एक अक्षर न फिरवता त्यांच्या भाषेत सांगितलं.

मंडळातल्या दोघांनी टेबलाकडे बघितलं. साहेब मात्र हसला. “लिहून घ्या,” तो कारकुनाला म्हणाला. “आरोपीची मागणी आहे की गव्हर्नराच्या तळघराची झडती व्हावी. नियमाप्रमाणे कंपनीच्या इमारतींची झडती कोण घेतं?”

“गव्हर्नर,” कारकून म्हणाला.

“मी आज सकाळीच खाली जाऊन आलो. दारू आहे. तीही फार चांगली नाही. लिहा.” मग तो ह्यांच्याकडे वळला. “तर शब्द माइ होता. नक्की?”

“नक्की.”

“शपथेवर?”

“शपथेवर.”

“माझा पुकारणारा म्हणतो माइन. पण मी तुझ्यावर विश्वास ठेवतो, बून. कारकुनाने माइन खोडावं आणि माइ लिहावं.” कारकुनाने खोडलं आणि लिहिलं. “आता गुई, तू जरा पुढे ये. तू बटाव्हियात आमच्या कोर्टात अर्ज लिहायचास ना? चीनच्या मोठ्या अधिकाऱ्यांची भाषा तुला येते?”

“दरबारी बोली? येते, साहेब. थोडीफार.”

“त्या बोलीत माइ म्हणजे काय?”

गुई तेकने हात जोडले. “विकत घेणे, साहेब.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्या बोलीत विकत घेण्याला वेगळाच शब्द आहे. पण सुभेदार, न्यायाधीश, बादशहाची माणसं जी बोली बोलतात, तिच्यात विकत घेण्याला माइच म्हणतात. सूर थोडा वेगळा, पण तांबडकेशांच्या कानाला सूर कुठला कळायला. किल्ल्याजवळच्या आमच्या वस्तीत ती बोली येणारी दोनच माणसं. एक गुई तेक. दुसरे आमचे हे. ह्यांचे वडील यामेनमध्ये, तिकडच्या सरकारी कचेरीत, लेखनिक होते, ह्यांना लहानपणी छडीखाली शिकवली होती त्यांनी.

“हे खरं आहे का, बून?” साहेबाने विचारलं.

हे बाहीवरचा डाग बोटाने घासत राहिले.

“त्यात अवघड काय आहे? चीनच्या दरबारी बोलीत माइ म्हणजे विकत घेणे, होय की नाही? तुझ्याशिवाय इथं कुणाला विचारू मी? गुई तर काय, त्याला सोलाक हवंय. तो पक्षपाती असू शकतो.” मंडळातला एक जण खुदकन हसला. “मला निःपक्षपाती माणूस हवा.”

तेव्हा ह्यांनी मान वळवली आणि दाराकडे पाहिलं. माझ्याकडे. चाळीस माणसांत सरळ माझ्याकडे. त्या नजरेत काय होतं ते मला समजलं. नाही एवढंच म्हणायचं होतं. कुणी खोटं ठरवू शकलं नसतं, गुई तेकच्या शब्दाविरुद्ध ह्यांचा शब्द. फक्त मी त्यांना शपथेतून मोकळं करायचं होतं. मी मान जरा हलवली असती, पापणी मिटली असती, पाठ फिरवून निघून गेले असते तरी ह्यांना कळलं असतं.

मी हात जोडले. देवीला जोडले. सकाळी जळालेला कागद माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि मनात एकच होतं, की ह्यांची जीभ झडू नये. ह्यांनी माझे जोडलेले हात पाहिले.

“होय,” हे म्हणाले. “पण साहेब, हियानला ती बोली येत नाही. एक शब्द येत नाही. त्याच्या सात पिढ्यांत कुणी—”

“त्याला आपल्याच बादशहाची भाषा येत नाही,” साहेब म्हणाला, “हा काही कंपनीचा दोष नव्हे. शब्दाबद्दल साक्ष झाली. अर्थाबद्दल साक्ष झाली. दोन्ही आरोपीच्याच मेव्हण्याची. याहून न्यायाने मी कसं वागू?”

हियान ह्यांच्याकडे बघत होता. शिपाई त्याला ओढून नेत होते तेव्हाही मान वळवून ह्यांच्याकडेच बघत होता.

सोलाकचा मक्ता त्याच दुपारी गुई तेकला मिळाला, अडीचशेला. महिन्याभरात तिथली माणसं किल्ल्यापर्यंत चालत आली, मीठ अर्धं मिळतं म्हणून सांगायला. ह्यांनी त्यांचं म्हणणं साहेबाला सांगितलं आणि साहेबाचं उत्तर त्यांना सांगितलं. उत्तर असं होतं की मक्तेदाराशी बोला. आठवडाभराने मी कॉलरी घेऊन गेले तेव्हा साहेबाने स्वतःच्या हाताने माझे पैसे दिले, त्याच दिवशी, मोजून. “तुझा नवरा सच्चा माणूस आहे,” तो म्हणाला. “मी बटाव्हियाला तसं लिहिलंय.” मी पैसे घेतले. घेतले, हेही लिहायला हवं.

हियानला चुन्याच्या भट्टीवर घातलं. वाळूच्या पट्ट्याच्या टोकाला कालवांच्या शिंपल्यांचे डोंगर असतात. ते जाळून चुना करतात, किल्ल्याच्या भिंतींसाठी. शिंपले भट्टीत टाकायचे, भाजलेले ओढून काढायचे, पाणी मारायचं. पाणी पडलं की चुना फुसफुसतो आणि वाफ उठते. ज्यांना सवय नाही ते त्या वेळी डोळे मिटायला विसरतात. पाचव्या दिवशी हियानच्या उजव्या डोळ्यात गेला. मी गेले तेव्हा त्याने डोळ्यावर ओली चिंधी बांधली होती आणि हातांच्या भेगांतून पाणी गळत होतं. मुकादम म्हणाला, “आलीस? तुझ्या भावाला सांग, शिंपले बघून टाकत जा. एक डोळा आहे अजून.” आणि त्याच्या माणसांकडे बघून डोळा मारला.

रोज दुपारी घरच्यांना जेवण द्यायची परवानगी होती. रताळं घातलेली पेज, लोणच्याचा मुळा, कधी टोफू. तो खाताना रोज तेच बोलायचा.

“दाजींनी माझा गळा कापला, आक्का. मी म्हणत होतो, माझा माणूस उभा आहे तिथं. एक नाही म्हणायचं होतं. नाही. किती लांब शब्द आहे हा?”

मी पेज ढवळायची.

“नोकरीसाठी केलं. दुसरं काय? साहेबाने काय दिलं त्याला? कापड दिलं? मला सांग, काय दिलं?”

“काही नाही दिलं.”

“तू त्याची बाजू घेऊ नकोस. तू चांगली आहेस म्हणून तुला सगळे चांगले दिसतात.”

मी गप्प राहायची. घरी हेही गप्प होते. किल्ल्यावर दिवसभर दोन भाषांत बोलून यायचे आणि घरी एकीतही बोलत नसत. जेवण वाढलं की जेवायचे. मी विचारलं, भट्टीवर येता का, तर मान हलवायचे. कसं येणार? भाऊ त्यांना रोज शिव्या देत होता आणि त्या शिव्या मी रोज ऐकून घरी येत होते आणि देवीपुढे उदबत्ती लावत होते. अकरा दिवस मी तसं चालू दिलं. मनाला समजावलं की आधीच होरपळलेला जीव आहे, त्याला कुणावर तरी राग काढू दे.

बाराव्या दिवशी तो म्हणाला, “मी सुटलो ना, तर आधी दाजींच्या दारात जाईन.”

त्याचा आवाज शांत होता. मी वाडगा खाली ठेवला.

“हियान, मी तुला एक सांगते. शपथ मी घातली होती.”

“कसली शपथ?”

“खरं तेच बोलायची. ते तयार नव्हते. त्यांना काही ऐकलंच नाही असं सांगायचं होतं, पुन्हा लिलाव मागायचा होता. मी देवीपुढे बसवून वदवून घेतलं. आणि तिथं दिवाणखान्यात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला विचारलं. मी सोडवू शकत होते. नुसती मान हलवायची होती.”

तो एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला.

“आणि तू काय केलंस?”

“हात जोडले.”

भट्टीवर कुणीतरी पाणी मारलं. वाफ आमच्यापर्यंत आली. त्याने चेहरा फिरवला, मी फिरवला. वाफ गेल्यावर त्याने वाडगा उचलला. मला वाटलं तो फेकेल. त्याने सगळी पेज खाल्ली, रताळ्याचा शेवटचा तुकडा बोटाने पुसून खाल्ला. मग बादलीतल्या पाण्याने वाडगा धुतला, भेगा पडलेल्या हातांनी, नीट, आतून बाहेरून, आणि माझ्या हातात दिला.

“दाजींना सांग, मी चुकलो,” तो म्हणाला. “उद्यापासून त्यांच्याबरोबर जेवण पाठवत जा.”

“ते येतील,” मी म्हणाले. “आम्ही दोघंही येऊ.”

“तू येऊ नकोस,” हियान म्हणाला, आणि साखळी उचलून शिंपल्यांच्या ढिगाकडे गेला.